कंट्रोल झेड दिले, आराम पडला

तायडे सिस्टर कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. साबणानं, नखांच्या खाचा घासून. मग ओले हात वर धरून, कशालाही न शिवता, खांद्यानं दार ढकलून त्या हॉलमध्ये यायच्या आणि सुनंदाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, टॉवेलसाठी नुसतं पाहायच्या.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "सिस्टर, कीबोर्डला एवढं लागत नाही."

"किती दिवसांपासून पुसला नाई हा?"

मी कीबोर्डकडे पाहिलं. खरं उत्तर 'घेतल्यापासून' असं होतं. ते मी दिलं नाही, तरी त्यांना कळलं. शिकवणी संपली तेव्हा त्या पुन्हा मोरीवर गेल्या आणि पुन्हा तितकाच वेळ हात धुतले. जाता जाता सांगून गेल्या, "आधीचे मशीनसाठी. नंतरचे माह्यासाठी."

सिस्टर आमच्या शेजारी. अमरावतीला वलगाव रोडवर आमची कॉलनी आहे, तिथं सहा वर्षांपूर्वी त्या रिटायर होऊन राहायला आल्या. त्याआधीची सगळी नोकरी मेळघाटात, सेमाडोहच्या अंगाला, एका आरोग्य उपकेंद्रात. वय साठीच्या पुढं, नेमकं कोणाला माहीत नव्हतं. लग्न केलेलं नाही. दोन धाकटे भाऊ त्यांनीच शिकवले. एक पुण्याला आहे, दुसरा अकोल्याला. कॉलनीत कोणी शिंकलं तर सिस्टरांना तीन घरं पलीकडे ऐकू जातं आणि त्या तिथूनच ओरडतात, "घाबरायचं काम नाई! वाफ घ्या!"

तर अशा बाई एका रविवारी दुपारी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मले वर्ड शिकवा."

मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. दिवसभर वर्डवरच असतो, म्हणून कॉलनीत मला त्यातलं सगळं येतं असा समज आहे. खरी गोष्ट अशी की वीस वर्षांत मी नवीन नोटीस कधी केलेली नाही. मागच्या वर्षीची उघडायची, तारीख बदलायची, छापायची. त्यामुळं सिस्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोरा कागद कसा काढायचा?" तेव्हा मी जरा चाचपडलो.

"तुम्हाला मजकूर काय करायचाय? सांगा, मी ऑफिसातून टाइप करून आणतो."

"नाई."

"मग चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं..."

"थो मोठ्यानं वाचते. अर्ध्या अमरावतीले आयकू जाते. मले एक कागद बनवायचा हाय. माहा मी बनवीन."

त्याआधी त्या एका क्लासला जाऊन आल्या होत्या. दोनच दिवस. तिथल्या सरांनी सांगितलं होतं, "आजी, काहीही दाबा, काही होत नाही." सिस्टर तिथूनच उठल्या. मला म्हणाल्या, "काहीबी दाबा म्हणणारा माणूस कोणतंच काम शिकवू शकत नाई."

मी मग काहीही दाबा असं कधी म्हटलं नाही. पण नेमकं काय दाबायचं हे दर वेळी मला माहीत असायचं असंही नाही.

मराठी उमटवायचं म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबायची आणि पडद्यावर मराठी येतं, हे त्यांना पटायला चार दिवस लागले. त्यांनी आपलं आडनाव लिहिलं. उमटलं 'तयदे'. पुन्हा लिहिलं. पुन्हा 'तयदे'.

"हे मशीन माह्या बापाचं आडनाव बदलून राह्यलं."

"एक 'ए' जास्तीचा द्या. आणि डी मोठा."

"काहून? आमी लहान डीचे नाई का?"

मी शिफ्ट दाबून दाखवलं. मग आडनाव बरोबर उमटलं, तर त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ आली. सिस्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"हे पुरळ कशाचं?"

"त्या मशीनला तो शब्द माहीत नाही."

"पण त्यानंच तं लिवला!"

मी म्हटलं, दुर्लक्ष करा. त्यांनी केलं नाही. पुढल्या ओळी उमटल्या तशी त्यांच्याखालीही लाल रेघ येत गेली आणि त्या म्हणाल्या, "पसरून राह्यलं."

सिस्टरांनी पहिल्या दिवसापासून एक रजिस्टर ठेवलं होतं. लांबट, लाल कापडी पाठीचं. शिकवणी झाली की त्यात नोंद. एकदा त्या हात धुवायला गेल्या तेव्हा मी ते उघडून पाहिलं. लिहिलं होतं :

'मंगळवार. संध्याकाळी ६.१०. अक्षरे अचानक जाड झाली. कारण कळले नाही. कंट्रोल झेड दिले. आराम पडला.

बुधवार. नवीन अक्षर आले की जुने खाल्ले जात आहे. भाऊंना दाखवले. भाऊंनाही कळले नाही. मशीन बंद करून चालू केले. गुण आला.

शुक्रवार. आपोआप दुसरे पान आले. पहिल्या पानावरील मजकूर सुखरूप.'

कंट्रोल झेड हे मीच शिकवलेलं. चुकलं की ते दाबा, एक पाऊल मागं जाता येतं. सिस्टरांना ते फार आवडलं, पण त्यांनी लगेच विचारलं, "दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा देता येते?"

"कितीही."

"कोणतंच औषध कितीबी देता येत नाई, भाऊ."

त्यांनी स्वतःच ठरवलं, तीनदा. तीनदा देऊन झालं की उरलेल्या चुका दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच राहायच्या.

खोडायला तर त्या तयारच नव्हत्या. मी बॅकस्पेस दाखवलं. अक्षरं एकेक करून नाहीशी झाली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "रजिस्टरमंधलं असं मिटवता येत नाई. चुकलं तं एक आडवी रेघ मारायची, बाजूले बरोबर लिवायचं, अन् सही करायची. खोडलेलं दिसलं पायजे. नाई तं लोकाइले वाटते, लपवलं."

मी समजावलं की हे रजिस्टर नाही. त्या म्हणाल्या, कागद तो कागद. शेवटी वर्डमध्ये शब्दावर आडवी रेघ मारायचं बटन असतं ते मी शोधून काढलं. मलाही तेव्हाच कळलं की ते असतं. सिस्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. त्यानंतर त्या चुकलेल्या प्रत्येक शब्दावर रेघ मारून पुढं 'शां. ता.' असं लिहू लागल्या. शांता तायडे.

सेव्ह करणं हा वेगळाच घोळ. नोंद कुठं गेली, कोणत्या कपाटात, किल्ली कोणाकडे? मी म्हणायचो डॉक्युमेंट्समध्ये. दुसऱ्या दिवशी ती तिथं नसायची, मग आम्ही दोघं अर्धा तास शोधायचो. शेवटी सापडायच्या त्या फायलींची नावं अशी : 'कागद', 'कागद खरा', 'कागद अखेरचा', 'कागद अखेरचा नव्हे'.

पण माझा सगळ्यात मोठा गोंधळ वेगळा होता. हा कागद आहे कशाचा, ते मला कळत नव्हतं.

कारण सिस्टर मला तो पाहू देत नव्हत्या. त्या घरून एक हिरवा कपडा आणायच्या, ऑपरेशनला पांघरतात तसा, आणि मॉनिटरवर टाकायच्या. स्वतःला दिसेल एवढा वर करून टाइप करायच्या. अडलं की मला हाक. मी येईपर्यंत सगळा पडदा झाकलेला, आणि नेमकी अडलेली ओळ तेवढी उघडी.

"जरा वरचं पाहू द्या, सिस्टर. कदाचित चूक वरून सुरू झाली असेल."

"दुखते तेवढंच दाखवायचं."

एका दिवशी मला दिसलं, 'रक्तगट : बी पॉझिटिव्ह'. मला वाटलं, कोणाचा तरी केसपेपर असेल. दुसऱ्या दिवशी दिसलं, 'वजन : ५८ किलो'. माझी खात्री झाली. तिसऱ्या दिवशी ओळ होती, 'स्वभाव : कडक', त्यावर रेघ, 'शां. ता.', पुढं 'शांत', त्यावरही रेघ, पुन्हा 'शां. ता.', आणि पुढं 'बरा'.

केसपेपरवर स्वभाव कशाला लिहितील? त्या गेल्यावर मी सुनंदाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "अहो, परिचयपत्र आहे ते. लग्नाचं. भाचीसाठी करत असतील."

"अकोल्याच्या श्वेतासाठी?"

"मग!"

"श्वेताचं लग्न मागच्याच वर्षी झालं ना? आपण जेवून आलो."

आता लाटणं थांबलं. "हो की," सुनंदा म्हणाली. मग आम्ही पुण्याच्या भावाच्या मुली मोजल्या. त्याला मुलगेच होते. कॉलनीतल्या लग्नाच्या मुली मोजल्या. कोणाचंच वजन जुळेना.

त्यानंतरच्या सोमवारी सिस्टरांचं काम अडलं.

मी गेलो. हिरव्या कपड्यातून एकच शब्द उघडा होता. 'अपेक्षा :' आणि त्याच्यापुढं टाइप करायच्या जागेची ती बारीक उभी रेघ लुकलुकत होती.

"काय झालं?"

"पुढं जाऊन नाई राह्यलं."

मी स्पेस दाबला. रेघ पुढं सरकली. एन्टर दाबलं. खालच्या ओळीवर गेली. म्हटलं, चालतंय की.

मंगळवारी पुन्हा तेच. 'अपेक्षा :' आणि पुढं कोरं. मी भाषा बदलून पाहिली, अक्षराचा आकार बदलून पाहिला. बुधवारी ऑफिसातून दुसरा कीबोर्ड मागून आणला. सिस्टर त्याच्यापुढं हात मांडीवर ठेवून तासभर बसल्या आणि 'उद्या येतो' म्हणून गेल्या. आमच्याकडं बायाही 'येतो'च म्हणतात. त्या दिवशी त्यांनी रजिस्टरमध्ये नोंद केली नाही. हे मला जरा चमत्कारिक वाटलं, पण मी ते कीबोर्डवर ढकललं.

गुरुवारी मी म्हटलं, "आता वर्डच काढून पुन्हा टाकावं लागेल बहुतेक."

"भाऊ, मशीन बरं हाय." सिस्टर पडद्याकडेच पाहत होत्या. "मलेच येऊन नाई राह्यलं."

"टाइप करता?"

"टाइप नाई. काय लिवाव, थे."

मला हायसं वाटलं. हा प्रश्न माझ्या हद्दीतला नव्हता. "एवढंच ना! ज्यांचं परिचयपत्र आहे त्यांना विचारा. त्या सांगतील तसं लिहा."

सिस्टरांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"तिलेच इचारून राह्यली चार दिवसांपासून," त्या म्हणाल्या. "थे काही सांगतच नाई."

आणि त्यांनी हिरवा कपडा ओढून मांडीवर घेतला.

पडद्यावर पूर्ण पान होतं. सगळ्यात वर 'परिचयपत्र'. खाली 'नाव : कु. शांता तायडे'. वयापुढं ५८ होतं, त्यावर रेघ आणि सही. मग ६०, त्यावरही रेघ आणि सही. मग ६४. सगळं लाल पुरळानं भरलेलं. मी ते दोनदा वाचलं आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "हे कोणाचं?"

स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा उभी होती. तिनं मला डोळ्यांनी गप्प केलं आणि सिस्टरांजवळ खुर्ची ओढून बसली.

हळूहळू कळलं ते असं. बुद्धविहाराच्या फळ्यावर एक सूचना लागली होती. अकोल्याला ज्येष्ठांचा परिचय मेळावा आहे. एकट्या राहणाऱ्या बाया-माणसांनी यावं, टंकलिखित परिचयपत्र आणावं. सिस्टरांनी ती सूचना येता-जाता आठ दिवस वाचली, आणि मग आमच्याकडे येऊन म्हणाल्या होत्या, मले वर्ड शिकवा.

"नाव लिवलं, वजन लिवलं. हे तं जन्मभर दुसऱ्याचं लिवत आलो," सिस्टर सुनंदाला सांगत होत्या. "हे खालचं पायलं अन् हातच चालेना. तुले काय पायजे? मले असं कोणी इचारलंच नाई बाई. ना बापानं, ना भावाइनं, ना साहेबानं. म्या बी नाई इचारलं."

मी दुसऱ्या खोलीत गेलो. चार दिवस मी एका बाईच्या आयुष्याला एन्टर दाबून पाहत होतो, हे माझ्या आता ध्यानात येत होतं.

त्या दिवशी त्यांनी काय टाइप केलं ते मी पाहिलं नाही. ऑफिसात छापून मात्र मीच आणलं. बारा प्रती, घडी घालून, न वाचता. रेघा मारलेले शब्द काढून साफ प्रत करू का, एवढं विचारलं. "बिलकुल नाई," त्या म्हणाल्या.

मेळाव्याला आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं गेलो. अकोल्याचं ते कार्यालय निम्मं भरलेलं होतं. एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं, सगळे नव्या इस्तरीचे कपडे घालून आणि सगळे दाराकडे पाहत, जणू चुकून आलेत. एक बाई माइकवर एकेकाचं नाव घेत होत्या. नाव आलं की उठायचं, पुढं जायचं, आपला परिचय आपण सांगायचा.

"शांता तायडे, अमरावती."

सिस्टर गेल्या. माइक हातात घेतला. तीन घरं पलीकडून वाफ घ्या म्हणून ओरडणाऱ्या बाईचा आवाजच फुटेना. त्यांनी माइक परत दिला आणि कागद त्या बाईंच्या हातात ठेवला.

बाई वाचू लागल्या. रेघ मारलेलं वाचायचं की नाही हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी सगळंच वाचलं. "वय अठ्ठावन्न... साठ... चौसष्ट." सभागृहात हसू फुटलं. "स्वभाव कडक... शांत... बरा." आणखी हसू. बाई घाबरून थांबल्या. मला वाटलं, ऐकायला नको होतं त्यांचं, साफ प्रत काढायला हवी होती.

तेवढ्यात सिस्टरांचा आवाज परत आला. माइकशिवायच. "वाचा, वाचा. घाबरायचं काम नाई. खोडलेलं बी माहंच हाय."

बाईंनी पुढं वाचलं. "स्वयंपाक : एकटीपुरता. अपेक्षा..." त्या पुन्हा थांबल्या, कागद जवळ धरला. "अपेक्षा : अजून ठरली नाही. समोरच्याला वेळ असेल तर बसून ठरवू."

आता कोणी हसलं नाही. सिस्टरांनी कागद घेतला आणि खाली येऊन सुनंदाशेजारी बसल्या. कागदाची त्यांनी बारीक घडी घातली.

जेवणाच्या सुटीत बाया सिस्टरांभोवती जमल्या. पण सगळ्यांना गुडघ्याचं औषध विचारायचं होतं. बारा प्रतींतल्या अकरा पिशवीतच राहिल्या. चार वाजले तशी मंडळी पांगू लागली. सिस्टर उठून म्हणाल्या, "चला भाऊ. बस चुकंल."

तेव्हा पलीकडच्या बाजूनं एक गृहस्थ आले. उंच, जरा वाकलेले, टोपी हातात.

"मी इंगळे. अकोटचा. जिनिंगमंधी काट्यावर होतो, कापसाच्या गाड्या मोजाले. आता रिटायर." ते एवढं बोलून थांबले. पुढचं त्यांना जमेना, हे दिसत होतं. टोपी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "तुमी त्याच्यात लिवलं, समोरच्याले वेळ असंल तं. मले वेळ हाय."

सिस्टरांनी आमच्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहणार होतो. सुनंदानं माझं मनगटच धरलं.

ते दोघं भिंतीजवळच्या खुर्च्यांवर बसले, मध्ये एक खुर्ची सोडून. आम्ही मागं, खांबाच्या बाजूला. माणसं खुर्च्या गोळा करत होती, एकात एक घालून ढीग लावत होती. या दोघांच्या आसपासच्या सगळ्या खुर्च्या उचलल्या गेल्या, तरी त्यांचं बोलणं सुरू होईना. आमची बस तोवर सुटून गेली असणार.

शेवटी इंगळेच म्हणाले, "तं मंग... काय पायजे तुमाले?"

सिस्टरांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"मले," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग एकदम, घाईनं, कोणी मध्येच अडवेल की काय अशा आवाजात : "मले कारल्याची भाजी आवडत नाई."

"बरं," इंगळे म्हणाले. "पुढं?"

सुनंदानं माझं मनगट सोडलं. तिचा चेहरा उतरला होता. आमच्याकडे दर गुरुवारी कारल्याची भाजी होते आणि सिस्टरांसाठी त्यातला एक डबा काढून ठेवला जातो. सहा वर्षं. प्रत्येक वेळी तो डबा घासूनपुसून, रिकामा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला होता.